कुंदगोळच्या वाटेवरची माणसे

बेळगावकडच्या माणसाला हुबळी-धारवाड म्हणजे काही परमुलूख नव्हे. कुणाची मावशी तिकडे दिलेली असते, कुणाची सून तिकडून आणलेली असते. आमच्या पिढीने तर धारवाडच्या इतक्या खेपा घातल्या की विचारू नका. २०१० मध्ये बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ होईपर्यंत गुणपत्रिका, दाखला, पदवी, सगळे कागद कर्नाटक विद्यापीठातूनच आणावे लागत. आता हायकोर्टाच्या खंडपीठामुळे वकील आणि पक्षकार यांची ये-जा असते. काम झाले की पेढ्याचा पुडा घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. एवढ्यात आपले धारवाड संपते.

पण याच वाटेवर, बेळगावपासून फार तर सव्वाशे किलोमीटरच्या टप्प्यात, अशी काही माणसे जन्मली, वाढली आणि राबली, की त्यांच्या नावाने देशभर हात जोडले जातात. आपण मात्र त्यांच्या दारावरून पेढ्याचा पुडा घेऊन परततो.

मी कॉलेजात मराठी शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना विचारते, "तुमचा आदर्श कोण?" उत्तरे साधारण ठरलेली असतात. एखादा क्रिकेटपटू, एखादा नट, अलीकडे मोबाईलवर भाषणे देणारा एखादा अधिकारी. त्यात चुकीचे काही नाही. फक्त एवढेच वाटते, की ही माणसे मुलांना एकदम शिखरावर बसलेली दिसतात. ती तिथवर कशी चढली, कुठे पाय घसरला, कुणी हात दिला, ही वाट दिसत नाही. वाट दिसली नाही तर कौतुक होते, पण पायात बळ येत नाही.

म्हणून गेल्या जानेवारीत चौदा मुलामुलींना घेऊन कुंदगोळ, हुबळी आणि धारवाड अशी एका दिवसाची सहल काढली. सोबत सासूबाईही निघाल्या. त्यांचे माहेर धारवाडचे, वय शहात्तर. "नन्न ऊरु, नानू बरतीनि," म्हणाल्या. माझे गाव आहे, मी येणार! त्यावर कोण काय बोलणार?

रुळावरून आलेले गाणे

पहाटे बसने निघालो. हिरेबागेवाडी मागे पडले, एम. के. हुबळीला मलप्रभा ओलांडली, कित्तूरला चन्नम्माच्या पुतळ्याला बसमधूनच नमस्कार झाला आणि धारवाड डाव्या-उजव्या हाताला ठेवून आधी थेट हुबळी गाठली. तिथून कुंदगोळला मात्र मी मुद्दाम पॅसेंजरने न्यायचे ठरवले होते. मुलांना आधी त्याचे कारण कळेना. रस्त्याने बस सरळ गेली असती.

हुबळीच्या स्टेशनला आता सिद्धारूढ स्वामींचे नाव आहे. २०२३ मध्ये इथला १,५०७ मीटर लांबीचा प्लॅटफॉर्म जगात सर्वांत लांब म्हणून जाहीर झाला. त्यावरून चालता चालता मुलांनी फोटो काढून घेतले. मी त्यांना सांगितले, की या स्टेशनचे मोठेपण त्या लांबीत नाही. आपल्या भागातले गाणे या रुळांवरून आले.

हे अलंकारिक बोलणे नव्हे. मिरजेहून बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी आणि पुढे म्हैसूरकडे जाणारी ही जुनी मीटरगेज लाईन. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेकडच्या कैराण्याचे, पण पुढे मिरजेचे झाले. म्हैसूर दरबारी त्यांचे जाणे-येणे असे आणि वाटेत धारवाड-हुबळीकडे मुक्काम पडत. मराठी नाटक मंडळ्याही याच गाडीने पडदे आणि पेट्या घेऊन फिरत. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे आपण विसरतो. मराठी नाटकाला हुबळी-धारवाडचा कानडी प्रेक्षक तिकीट काढून गर्दी करी. पदे मराठी, ऐकणारे कानडी, शिकवणारे खाँसाहेब उत्तरेचे. कुणाला कुणाची अडचण होत नव्हती.

कुंदगोळ गावातला रामचंद्र नावाचा एक मुलगा असाच खाँसाहेबांच्या गाण्याने वेडा झाला आणि त्यांचा शिष्य बनला. पुढे तो मराठी रंगभूमीवर गाजला. स्त्रीभूमिका केल्या, पदे गायली, आणि रामभाऊ कुंदगोळकर हे नाव मागे पडून 'सवाई गंधर्व' हेच नाव झाले. पुण्यात १९५३ पासून ज्यांच्या नावाने महोत्सव भरतो, ते हे सवाई गंधर्व. महोत्सव पुण्याचा, पण नाव या धूळभरल्या तालुक्याच्या गावाचे.

कुंदगोळ

हुबळी सोडली की पाच-दहा मिनिटांत काळी जमीन सुरू होते. आपल्याकडची लाल माती, खानापूरची झाडी, काही नाही. दूरपर्यंत सपाट रान, कापूस, जोंधळा, आणि हंगामात वाळत घातलेली तांबडी मिरची. कुंदगोळला उतरलो तेव्हा आमच्याखेरीज प्लॅटफॉर्मवर वीस-पंचवीस माणसे असतील.

गावात चालुक्यकालीन शंभुलिंगाचे देऊळ आहे. ते पाहून नाडगीर वाड्याकडे गेलो. हा वाडा म्हणजे गाण्याच्या जगातले एक तीर्थच. नाडगीर घराण्याने कलावंतांना आसरा दिला. खुद्द अब्दुल करीम खाँ इथे उतरत, गात. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ इथे रात्र-रात्र मैफली होत आल्या आणि देशातले मोठमोठे गवई या वाड्यात मानधनाचा हिशेब न करता गाऊन गेले. आज नव्या सभागृहात रोषणाईखाली कार्यक्रम पाहणाऱ्या मुलांना खरे वाटत नाही, की एका खेड्यातल्या वाड्याच्या चौकात जाजम टाकून हे सारे चाले.

रंगभूमीवरचे दिवस सरल्यावर सवाई गंधर्व गावी येऊन राहिले, तेव्हाची गोष्ट मुलांना तिथेच बसून सांगितली. गदगहून झिंझोटीची एक रेकॉर्ड ऐकून, आपल्यालाही असेच गायला हवे म्हणून लहानपणी घरातून पळून गेलेला एक मुलगा हिंदुस्थानभर भटकून शेवटी इथे, आपल्या घरापासून जेमतेम काही कोसांवर, गुरूच्या दारी येऊन राहिला. गुरूच्या घरी पाणी भरायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरू सांगतील तेव्हा शिकायचे. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. २००८ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झाले.

आणि दुसरी शिष्या हुबळीहून रोज आगगाडीने यायची. तिच्यासाठीच मी मुलांना पॅसेंजरमध्ये बसवले होते.

गंगूबाई हनगल यांचा जन्म धारवाडचा, ५ मार्च १९१३ चा. सवाई गंधर्वांकडे त्यांचे नियमित शिक्षण सुरू झाले ते १९३७-३८ च्या सुमारास. तेव्हा त्या काही शिकाऊ मुलगी नव्हत्या. तीन मुलांची आई, रेकॉर्ड निघालेली गायिका, आणि घराचा बराचसा भार अंगावर. तरी तीनेक वर्षे त्या हुबळीहून कुंदगोळला शिकायला जात राहिल्या. शिकवणी आटोपून परतायला उशीर झाला, की धाकटे गुरुबंधू भीमसेन त्यांना स्टेशनवर पोचवायला जात. त्यांना ते अक्का मानत.

आणि एवढी यातायात करून शिकायचे काय? एकेका रागातले थोडेसे स्वर. तेच आज, तेच उद्या, तेच महिनाभर. कंजूष माणूस पैसा जसा मोजून-मापून बाहेर काढतो, तसा स्वर खर्च करायला गुरूंनी शिकवले, असे गंगूबाई पुढे सांगत. ऐकणाऱ्याला प्रत्येक स्वराची किंमत कळली पाहिजे. आजच्या भाषेत ज्याला 'सिलॅबस पूर्ण करणे' म्हणतात, त्याच्या अगदी उलट हे शिक्षण.

एक प्रश्न

आमच्यात खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारी एक मुलगी होती. सकाळी सहाच्या बसने निघते, तेव्हा आठ-सव्वाआठला कॉलेजात पोचते. परतायला रोज अंधार पडतो. तिच्या घरात कॉलेजपर्यंत आलेली ती पहिलीच. दुसरे वर्ष झाले की पुरे, असा घरी विचार चालला होता. कारण तेच, मुलीच्या जातीला रोज उशीर बरा नव्हे, गावात लोक बोलतात. हे मला ठाऊक होते. वर्गातल्या बाकीच्यांना नव्हते.

वाड्यातून स्टेशनकडे परत चालताना ती माझ्याजवळ आली. "मॅडम, त्यास्नी कोण काय म्हणत नव्हतं व्हय? रोज अशी गाडीनं जात होत्या ते."

मी म्हटले, "म्हणत होते की. चांगलंच म्हणत होते."

गंगूबाईंचा जन्म ज्या समाजात झाला, त्यातल्या बायकांना गाणे परंपरेने आलेले, पण त्याबरोबर लोकांची नजरही वाट्याला आलेली. रस्त्याने जाताना 'गाणारीण चालली' असे टोमणे त्यांनी लहानपणापासून ऐकले. लहान असताना शेजारच्या एका प्रतिष्ठित घराच्या आवारात शिरून त्यांनी आंबे तोडले. ओरडा झाला. आंबे चोरले म्हणून नव्हे, तर गाणारणीच्या मुलीने आवारात पाऊल टाकले म्हणून. पुढे त्याच लोकांनी मानाने घरी बोलावून सत्कार केला. हा किस्सा त्या स्वतः सांगत. सांगताना त्यात कडवटपणा नसे, पण विसरल्याचे सोंगही नसे. माझ्या मते हा गुण फार दुर्मीळ आहे. अपमान गिळून गप्प बसणारी माणसे पुष्कळ असतात, आयुष्यभर त्याचाच हिशेब मांडत बसणारीही पुष्कळ असतात. जे घडले ते स्पष्ट सांगायचे आणि आपले काम करत राहायचे, हे थोड्यांना जमते.

यातला एक प्रसंग तर आपल्या बेळगावचाच आहे. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झालेले हे एकमेव अधिवेशन. त्याची शताब्दी २०२४ मध्ये आपण पाहिली. वीरसौध आणि काँग्रेस विहीर आपल्या नेहमीच्या फिरण्यातल्या जागा. त्या अधिवेशनात स्वागतगीत गाणाऱ्यांत अकरा वर्षांची गंगू होती. एवढ्या मोठ्या लोकांपुढे गायची भीती तिला वाटली नाही. धास्ती वेगळीच होती. जेवणाच्या वेळी जातीवरून आपल्याला वेगळे वागवतील, ही. अकरा वर्षांच्या पोरीच्या मनात गाण्याआधी पंगतीचा विचार यावा! टिळकवाडीतून जाताना मला हे अनेकदा आठवते.

"आणि घरचे?" त्या मुलीने विचारले.

घरचे म्हणजे आई. अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत उत्तम गात. त्यांचे गाणे ऐकायला खुद्द अब्दुल करीम खाँ येत. पण मुलीचा ओढा हिंदुस्थानी गाण्याकडे आहे हे लक्षात आल्यावर या बाईंनी दोन गोष्टी केल्या. मुलीला चांगले शिकता यावे म्हणून धारवाडचे बिऱ्हाड हलवून हुबळीला आणले. आणि मुलीच्या कानावर दोन पद्धतींचे मिश्र संस्कार होऊ नयेत म्हणून स्वतःचे गाणे थांबवले. १९३२ मध्ये त्या गेल्या. मुलीचा नावलौकिक त्यांनी पाहिला नाही.

मोठ्या माणसांच्या यादीत अंबाबाईंचे नाव कुठे नसते. पण मला विचाराल तर कुंदगोळच्या त्या गाडीचे पहिले तिकीट त्यांनीच काढले होते.

मुलगी पुढे काही बोलली नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून राहिली.

हुबळी आणि धारवाड

हुबळीच्या देशपांडेनगरात गंगूबाईंचे 'गंगालहरी' हे घर आहे. त्यासमोर उभे राहून मुलांना पुढची हकिगत सांगितली. पाचवीपर्यंतच शिकलेल्या या बाईंना १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले, २००२ मध्ये पद्मविभूषण. मध्यंतरी घशाच्या विकारावर उपचार झाले आणि त्यांचा आवाज कायमचा बदलला. बायकी गोडवा जाऊन तो भरदार, जवळजवळ पुरुषी झाला. दुसरी गायिका तिथेच खचली असती. यांनी त्या नव्या आवाजाला शोभेल अशी गायकी घडवली आणि तोच आवाज त्यांची ओळख झाला. आमच्यातल्या एका मुलाने मोबाईलवर त्यांचे गाणे लावले. दोन मुलींना आधी हसू आले, 'हा बाईचा आवाज?' म्हणून. तीन-चार मिनिटांनी कुणी हसत नव्हते.

गंगूबाईंच्या बोलण्यात मिस्कीलपणाही होता. मुसलमान गवई झाला की तो उस्ताद होतो, हिंदू झाला की पंडित होतो, आणि केसरबाई-मोगूबाईंसारख्या मात्र बाईच राहतात, असे त्या म्हणत. या एका वाक्यावर स्त्री-अभ्यासाचा अख्खा पेपर निघेल.

सत्तर वर्षांहून अधिक काळ गाऊन २१ जुलै २००९ रोजी हुबळीत त्या गेल्या, शहाण्णव वर्षांच्या होऊन. जातानाही नेत्रदान करून गेल्या.

दुपारचे जेवण आटोपून धारवाडला आलो. शुक्रवारपेठेतले गंगूबाईंचे जन्मघर सरकारने स्मारक म्हणून दुरुस्त केले होते, पण नंतर देखभालीअभावी त्याची पडझड झाल्याच्या बातम्या वारंवार आल्या. स्मारके उभारण्याचा उत्साह आपल्याकडे खूप, झाडू मारण्याचा कमी. असो.

मल्लिकार्जुन मन्सूर यांचे 'मृत्युंजय' हे घर मात्र स्मारक म्हणून जपले आहे. धारवाडच्या मुरुघा मठाचे मृत्युंजय स्वामी हे त्यांचे श्रद्धास्थान. घराचे नाव त्यावरून. मन्सूर हे गाव धारवाडला लागूनच. तिथे ३१ डिसेंबर १९१० रोजी जन्मलेला हा मुलगा शाळा सोडून नाटक कंपनीत गेला आणि तिथून मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकला. ग्रामोफोनवर नाव झाले. इथवरची कथा अनेकांची असते. मन्सूरांचे वेगळेपण यानंतर सुरू होते. नाव झालेले असताना त्यांनी जयपूर घराण्याच्या मंजीखाँसाहेबांपुढे पुन्हा विद्यार्थी म्हणून बैठक मारली. पाटी पुसून नव्याने मुळाक्षरे गिरवायची, तीही लोक आपल्याला गवई म्हणून ओळखू लागल्यावर! त्यातही नशिबाने परीक्षा पाहिली. मंजीखाँ १९३७ मध्ये अकाली गेले. मन्सूर मग त्यांचे धाकटे बंधू भूर्जीखाँ यांच्याकडे शिकू लागले.

देशाने त्यांना पद्मश्री दिली ती १९७० मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर. पद्मभूषण १९७६, पद्मविभूषण १९९२. तोवरची वर्षे त्यांनी धारवाडातच काढली, आकाशवाणी केंद्रावर संगीताचे सल्लागार म्हणून काम केले. मुंबई-पुण्याला जाऊन बसले असते तर नाव लवकर झाले असते असे कुणी म्हणेल. ते गेले नाहीत. आपल्या गावात राहून, मठाला जाऊन, रोजचे गाणे रोज गात राहिले. १२ सप्टेंबर १९९२ रोजी ते निवर्तले. योगायोग असा, की सवाई गंधर्वांची पुण्यतिथीही १२ सप्टेंबरच, साल १९५२.

इथे सासूबाईंची कळी खुलली. त्यांच्या लहानपणी, म्हणजे धारवाड आकाशवाणी सुरू होऊन काही वर्षे झाली होती तेव्हा, गल्लीत एकाच घरी रेडिओ होता. संध्याकाळी सगळ्या बायका त्या घराच्या कट्ट्यावर जमत. गाणे सुरू झाले की घरमालकीण आतून हाक मारी, "बर्री, कुंदर्री!" या, बसा. गाणे कळत होते का, असे मुलांनी विचारले. सासूबाई म्हणाल्या, "राग कळत नव्हता. पण ते गायला लागले की हातातलं निवडणं थांबत होतं." मला वाटते, समीक्षेची पुस्तके वाचून मी जे सांगते त्याहून हे अधिक नेमके आहे.

साधनकेरीच्या काठी

शेवटचा मुक्काम साधनकेरी. तळे, त्याच्या काठचे बेंद्रे भवन आणि द. रा. बेंद्रे यांचे घर. कानडीतले वरकवी बेंद्रे यांची मातृभाषा मराठी होती, हे आमच्या मुलांतल्या निम्म्यांना माहीत नव्हते. मराठी घरातल्यांना वाटत होते की ते कानडी, आणि कानडी माध्यमातून आलेल्यांना त्यात मराठीचा काही संबंध असेल असे वाटलेच नव्हते.

घरात मराठी, गल्लीत कानडी. त्या गल्लीतल्या, बाजारातल्या, जात्यावरच्या धारवाडी कानडीला त्यांनी अशा उंचीवर नेले, की १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार 'नाकु तंति' या संग्रहासाठी त्यांना मिळाला. 'अंबिकातनयदत्त' हे टोपणनाव त्यांनी आईच्या नावावरून घेतले. अंबिकेचा मुलगा दत्त. एका दिवसात ही दुसरी अंबा आमच्या वाटेत आली, हे एका मुलीने लक्षात आणून दिले. आणि म्हणून मराठी त्यांनी टाकली नाही. सोलापूरच्या कॉलेजात ते १९४४ पासून बारा वर्षे कानडीचे प्राध्यापक होते, मराठीतही लिहीत होते आणि त्यांच्या 'संवाद' या मराठी पुस्तकाला पुरस्कारही मिळाला.

हे सारे सुखासुखी झाले नाही. 'नरबलि' या कवितेबद्दल इंग्रज सरकारने त्यांना पकडले आणि आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगात ठेवले. त्यानंतर कित्येक वर्षे पक्की नोकरी मिळाली नाही. प्राध्यापकाची खुर्ची मिळाली तेव्हा वय अठ्ठेचाळीस होते. अनेक अपत्ये डोळ्यांदेखत गेली. आपल्या गेलेल्या मुलाच्या दुःखावरची त्यांची कविता कानडी घराघरांत माहीत आहे. दारिद्र्य, तुरुंग आणि पुत्रशोक यांतून गेलेल्या या माणसाच्या कवितेत तक्रार किती कमी आणि जगण्याचा उल्हास किती!

सासूबाईंनी त्यांना संध्याकाळी तळ्याकडे चालत जाताना पाहिले होते. "कवी म्हणून कोण बघत होतं? शेजारचे अज्जा म्हणून बघत होतो," म्हणाल्या.

आपल्या सीमाभागात भाषा म्हटली की आवाज चढतो. सीमाप्रश्न आपल्या जागी आहे, त्याची न्याय्य तड लागावी ही इच्छाही आहे. पण साधनकेरीच्या काठी बसल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसते. एका भाषेवर जीव लावायला दुसरीचा राग करावा लागत नाही. बेंद्रे मराठी घरातून कानडीत गेले, सवाई गंधर्व कानडी मुलखातून मराठी रंगभूमीवर आले, आणि आपल्या सुळेभावीला १९२४ मध्ये जन्मलेला शिवपुत्र कोमकलीमठ कुमार गंधर्व होऊन देवासचा झाला. यांतल्या कुणीही आपले घर पुसले नाही.

आपल्या घरांत तर दोन्ही भाषा ताटात वाढलेल्या आहेत. आजी कानडीत रागावते, आई मराठीत समजावते. पण इंग्रजी शाळेत जाणारी आपली मुले हळूहळू दोन्हींत अडखळू लागली आहेत. दोन भाषांचे वैभव घरात असून एकही धड न येणे, ही गोष्ट सीमेवरच्या कुठल्याही भांडणापेक्षा मला जास्त काळजीची वाटते.

मोठेपण म्हणजे काय?

परतताना बसमध्ये मुलांना विचारले, आज पाहिलेल्यांत समान गुण कोणता? कुणी म्हणाले गुरुभक्ती, कुणी कष्ट, कुणी साधेपणा. सगळी उत्तरे बरोबर होती. पण एका अबोल मुलाने सांगितलेले मला अधिक पटले. तो म्हणाला, "मॅडम, यातलं कोणीच घाईत नव्हतं."

खरेच आहे. गंगूबाई तीन वर्षे तेच स्वर घोटत राहिल्या, मन्सूर साठीपर्यंत मानसन्मानाची वाट न पाहता गात राहिले, बेंद्र्यांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खुर्ची मिळाली. निकाल केव्हा लागणार याची चिंता त्यांनी केली नाही, असे नव्हे. पोटाची चिंता सर्वांनाच होती. पण निकालासाठी काम थांबवून ठेवले नाही. आणि प्रत्येकाच्या मागे कुणीतरी होते. गाणे थांबवणारी आई, वाड्याचे दार उघडे ठेवणारे कुटुंब, स्टेशनवर पोचवायला येणारा गुरुबंधू, रेडिओ मोठा करून 'बर्री, कुंदर्री' म्हणणारी शेजारीण. आपल्याला गंगूबाई होता येणार नाही कदाचित. पण यांपैकी कुणीतरी होणे आपल्या हातचे आहे.

खानापूरकडची ती मुलगी आता तिसऱ्या वर्षात आहे. सहलीने चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. तिच्या आईने घरी बरेच ऐकून घेतले, आणि संध्याकाळी बसथांब्यावर भावाने न्यायला यायचे या अटीवर वर्ष मिळाले. पुढच्या वर्षाचे पुढे पाहू, असे घरचे म्हणतात. वाद अजून मिटलेला नाही. पण भाऊ रोज बसथांब्यावर उभा असतो, हे काही थोडे नाही.

वाचकहो, पुढच्या वेळी कोर्टाच्या तारखेला किंवा लग्नकार्याला तिकडे गेलात, तर एक दिवस जास्त काढा. मुलांना सोबत न्या आणि घरात आजी असेल तर तिलाही न्या, कारण निम्मी माहिती तिच्याजवळच असते. हुबळीपासून कुंदगोळ वीस किलोमीटरच्या आसपास, धारवाडपासून हुबळीही तेवढेच. रस्ते चांगले आहेत, गाडीने तासाभरात सगळे उरकेल. तरी माझे ऐकाल तर कुंदगोळला पॅसेंजरनेच जा. तिकिटाला फार पैसे पडत नाहीत. आणि ती गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबत, सावकाश जाते.